पट्टा सरकलाय

"थुंकी लावा," मी म्हणालो.

"काय लावू?"

"थुंकी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला ते दोन काळे तुकडे आहेत ना, ते ओले असल्याशिवाय ठोके मोजत नाहीत."

दाजींनी हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एम.एस्सी. फिजिक्स. विद्यापीठात दुसरा नंबर. आणि शेवटी सगळं विज्ञान चालतं कशावर, तर थुंकीवर."

"तळ्यात उतरल्यावर ओला होईलच. पण त्याआधी चालतोय का बघू दे. ताई बघतेय."

ताई खरंच बघत होती. पहाटेचे पावणेसहा झाले होते. वाघजाई तलावाच्या काठावर बांबू आडवे बांधून त्यांवर दोनेकशे सायकली टांगल्या होत्या. दंडांवर मार्करनं नंबर लिहिलेली माणसं त्यांच्यामधून अनवाणी फिरत होती. माझी बहीण, तेजूताई, कठड्यापलीकडे उभी होती आणि तिची सात वर्षांची मुलगी शरू तिच्या कमरेला टेकून उभ्या उभ्या झोपत होती.

दाजींनी थुंकी लावली, पट्टा छातीला बांधला, वरून पोशाखाची चेन ओढली. मनगटावरच्या घड्याळात आकडा उमटला.

"किती?" ताईनं विचारलं.

"ब्याण्णव," मी म्हणालो.

"नुसतं उभं राहून ब्याण्णव?"

"स्पर्धेआधी सगळ्यांचे वाढतात. माझे अठ्ठ्याण्णव आहेत."

"मग तुझ्याकडं कोण बघणार?" दाजी म्हणाले. "तुझं तर लग्नपण व्हायचंय अजून."

ताई हसली नाही. तिच्या सासऱ्यांचं जे झालं ते तिच्या डोक्यातून कधीच जात नसे. ते एस.टी.चे ड्रायव्हर. बेचाळीस वर्षांचे असताना एका दुपारी डेपोत गाडी लावून खाली उतरले, पायरीवर टेकले, ते उठलेच नाहीत. दाजींना, म्हणजे धैर्यशील जाधवांना, त्या फेब्रुवारीत एकेचाळीस पूर्ण झाली होती. त्यांचं शहरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून क्लच दाबायचा, असं ते स्वतःच्या कामाचं वर्णन करत. पोट सुटायला लागलं तेव्हा ते माझ्याबरोबर पळायला येऊ लागले आणि वर्षभरात त्यांनी या स्पर्धेत नाव घातलं. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. ट्रायथलॉनमधला हा छोटा प्रकार.

ताईनं आधी त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. सगळं नीट आलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, वडिलांचं असं झालेलं आहे, तेव्हा धडधड, चक्कर, अंधारी, काहीही जाणवलं तर तिथंच थांबायचं.

"परत एकदा म्हणा," ताई दाजींना म्हणाली.

"अगं, शंभरदा म्हटलंय."

"मग एकशे एकदा."

दाजींनी शाळेत कविता म्हणायला उभे राहतात तसे हात मागं बांधले. "धडधडलं, चक्कर आली, अंधारी आली, तर थांबीन. इंद्राला विचारीन. इंद्रा थांबा म्हणाला तर बूट काढून घरी येईन."

"शब्द?"

"शब्द."

मग ती माझ्याकडे वळली. "माझं हे ऐकत नाहीत, इंद्रा. तुझं ऐकतात. तुझ्या आकड्यांवर लई विश्वास आहे त्यांचा. तू थांबा म्हणालास तर थांबतील. दुसऱ्या कुणाचं नाही."

"मी आहे ना," मी म्हणालो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत कामाला होतो. कारखान्यांतले दाबमापक, तापमापक, काटे आमच्याकडे यायचे. आमच्याकडच्या खात्रीच्या मापकाशी ते ताडून बघायचे, किती चुकतात ते लिहायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. आमचे मुख्य हेरवाडकर सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, "आकडा विचित्र आला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा. बॉयलर एकदम पेटत नाही, काटा अडकतो." दहापैकी नऊ वेळा काटाच अडकलेला असे.

दाजींचा सराव मी त्याच पद्धतीनं करून घेतला. आठवड्याचं कोष्टक, प्रत्येक सरावाची नोंद, ठोक्यांचा आलेख. दोनशे वीसमधून वय वजा केलं की ढोबळमानानं हृदयाची वरची मर्यादा मिळते. दाजींची एकशे एकोणऐंशी. आम्ही एकशे साठच्या वर जात नव्हतो. चार महिन्यांत तीनदा आलेख एकदम दोनशेच्या वर उडाला होता. असं होतं. पट्टा कोरडा असतो, थंड हवेत नायलॉनचा बनियन घासतो, आणि घड्याळ भलतंच काहीतरी मोजतं. मी प्रत्येक वेळी दाजींना विचारलं होतं, त्या वेळी काही जाणवलं का? पहिल्यांदा ते म्हणाले, नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता तू म्हणतोस पट्टाच खराब आहे, तर मला काय जाणवणार?" तिन्ही नोंदी मी कोष्टकातून काढून टाकल्या. चुकीचे आकडे ठेवले की सरासरी बिघडते.

चाळिशीच्या पुढचे साडेसहाला सुटले. आम्ही दहा मिनिटांनी. दाजी पाण्यात शिरताना मला दिसले. गावच्या विहिरीत शिकलेला माणूस, डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहायचा. पिवळ्या टोप्यांच्या घोळक्यात एकच टोपी उंच तरंगत चालली होती आणि काठावरून शरू, आता पूर्ण जागी झालेली, ओरडत होती, "पप्पा, मान खाली!"

माझं पोहणं वाईट झालं. शिट्टी झाल्याबरोबर कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली, उजव्या काचेत पाणी शिरलं आणि निम्मं अंतर मी एका डोळ्यानं पोहलो. तळाशी शेवाळ होतं, हात खाली गेला की बोटांत अडकायचं. अठरा मिनिटं लागली. मला सोळा हवी होती.

ती दोन मिनिटं मला सायकलवर भरून काढायची होती. गेल्या वर्षी याच स्पर्धेत माझ्या वयोगटात मी चौथा आलो होतो, नऊ सेकंदांनी. ते नऊ सेकंद कुठे गेले ते मी वर्षभर शोधत होतो. बूट घालताना नाडी बांधली, तिथे पाच. हेल्मेटचा पट्टा दोनदा चुकला, तिथे चार. या वर्षी मी बुटांना इलास्टिकच्या नाड्या लावल्या होत्या.

सायकलचा रस्ता उसाच्या शेतांमधून दहा किलोमीटर जाऊन परत येत होता. मी जात असताना दाजी समोरून परत येताना दिसले. मान खाली, कोपरं आत, मी शिकवलं तसं. माझ्याजवळ आल्यावर त्यांनी डोकं वर केलं. "पाव्हणं, इंडिकेटर कुठाय? लायसन काढून घीन!"

मी ओरडलो, "पाणी प्या!"

"तू पी!"

ते नीट होते. हे मी आजही सांगू शकतो. तोपर्यंत ते नीट होते.

येताना मी तिघांना मागं टाकलं. शेवटच्या दोन किलोमीटरवर कुणीतरी ओरडून सांगितलं, "चौथा, चौथा! तिसरा समोरच हाय!" मला तो दिसत होता. लाल सायकल, नंबर एकशे एकतीस.

सायकल परत आणून टांगायची, बूट चढवायचे आणि पळायला सुटायचं. तिथं थांबलं तरी स्पर्धेचं घड्याळ थांबत नाही. मी माझ्या जागेकडे पळत आलो तेव्हा दाजी आमच्या दोन सायकलींच्या मधे जमिनीवर बसले होते. एका पायात बूट होता. दुसरा हातात.

"काय झालं?"

"आलास?" ते म्हणाले. "शेवटच्या वळणावर जरा गरगरल्यागत झालं. अंधारी आली. आता बरं वाटतंय." त्यांनी मनगट पुढं केलं. "हे बघ काय म्हणतंय."

घड्याळात दोनशे चौदा होतं.

"कधीपासून?"

"बसल्यापासून हेच. दोन मिनिटं झाली असतील."

मी सायकल टांगली. हेल्मेट काढलं. एकशे एकतीस नंबरचा पोरगा बूट घालून निघाला होता. त्याची पाठ मला दिसत होती.

"थांबू का, इंद्रा?" दाजींनी विचारलं.

आवाजात चेष्टा नव्हती. ते माझ्याकडे वर बघत होते, पाचवीतला मुलगा पेपर दाखवताना बघतो तसं. कपाळावर घाम होता, पण वीस किलोमीटर सायकल मारून आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम असतोच. चेहरा पांढरा होता का? मला आठवत नाही. मी चेहऱ्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

"पट्टा सरकलाय," मी म्हणालो.

"सरकलाय?"

"पोहताना सरकला असेल. पळायला लागलात की बसेल जागेवर."

"नक्की?"

"नक्की. सावकाश जा. शेवटी चाललात तरी चालेल."

त्यांच्या तोंडावर एकदम सुटका दिसली. हे मात्र मला आठवतं. "बघ," ते म्हणाले, "उगंच घाबरवतंय लेकाचं," आणि दुसरा बूट पायात घालायला वाकले.

मी निघालो.

पळायचा रस्ता तलावाच्या बांधावरून होता. अडीच किलोमीटर जायचं, एका ड्रमला वळसा घालायचा, परत यायचं. मी ड्रमला वळलो तेव्हा एकशे एकतीस माझ्यापुढे चाळीसएक पावलं होता. परतताना दाजी समोरून आले. ते पळत होते. हळू, पण पळत होते. त्यांनी मला पाहिलं, पुढच्या पोराकडे बोट दाखवलं आणि सगळा दम एकवटून ओरडले, "धर त्याला! टाक गिअर!"

शेवटच्या चारशे मीटरमध्ये मी त्याला धरला. अकरा सेकंदांनी तिसरा आलो.

ताई आणि शरू अंतिम रेषेपाशी होत्या. शरूनं माझ्या हातात केळं दिलं.

"हे कुठायत?" ताईनं विचारलं.

"येतायत. दहा मिनिटं लागतील."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. आत्ता भेटले वाटेत."

मी केळं खाल्लं. निकालाच्या पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझं नाव तिसऱ्या ओळीत होतं आणि मी ते वाचत होतो, तेव्हा बांधाकडून एक स्वयंसेवक सायकलवर आला आणि डॉक्टरांच्या तंबूकडे बघून दोन्ही हात हलवायला लागला. त्याच्या सायकलला दोन बाटल्या लटकत होत्या. त्यातली एक पडली, ती त्यानं उचलली नाही.

दाजी ड्रमला वळून परत येताना पडले होते. तंबूतले दोघे आणि स्पर्धेत पळणारी एक नर्स, सगळ्यांनी मिळून त्यांची छाती दाबली. अँब्युलन्समध्ये दोनदा विजेचा झटका दिला. ताई त्यांच्याबरोबर आत बसली. मी शरूला घेऊन कुणाच्या तरी गाडीतून मागून गेलो. शरूनं वाटेत एकदाच विचारलं, "पप्पांचा नंबर कितवा येणार?" मी म्हणालो, अजून कळायचंय.

रुग्णालयातल्या व्हरांड्यात हिरव्या खुर्च्यांची एक रांग होती. साडेनऊच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी ताईला बसायला सांगितलं. ती बसली नाही. त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. ताई भिंतीवर पाट्या असतात, तिकडे बघत राहिली. मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. त्यांना काही गोष्टी लिहायच्या होत्या. वय, वडिलांचं वय, औषधं.

"आज सकाळी काही त्रास होत होता का? चक्कर, छातीत धडधड? कुणाला काही बोलले होते?"

ताई माझ्याकडे वळली. व्हरांड्यात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी अजून स्पर्धेच्या कपड्यांत होतो. दंडावर नंबर होता.

"नाही," मी म्हणालो.

"सायकल आणि पळणं यांच्या मधे भेटलात का तुम्ही त्यांना?" माझ्या दंडाकडे बघत डॉक्टरांनी विचारलं.

"भेटलो. काही बोलले नाहीत."

डॉक्टरांनी लिहिलं.

एका शब्दानं काय होतं हे मला पुढच्या दोन आठवड्यांत बघायला मिळालं. तिसऱ्या दिवशी दाजींचे थोरले चुलते म्हणाले, "सांगायला काय झालं होतं? शेजारी पोरगा होता की एवढा शिकलेला." पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, बापपण असाच होता, दुखतंय म्हणून कधी बोलला नाही. दहाव्यापर्यंत गोष्ट पक्की झाली होती. धैर्यशील हट्टी. धैर्यशीलला त्रास होत होता, त्यानं लपवला, स्पर्धा सोडवेना. कुणी खोटं बोलत नव्हतं. माझं एक खोटं धरून बाकी सगळं त्यांनी सरळ हिशोबानं मांडलं होतं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर ताई फोटोसमोर उभी होती. मला वाटलं, रडतेय. ती रडत नव्हती.

"शब्द दिला होता मला," ती म्हणाली. "तुझ्यासमोर दिला होता, इंद्रा. हात मागं बांधून. मला त्यांचं जाणं सहन होईल एक वेळ. पण मला शब्द देऊन, तो मोडून गेले. का? त्या एका पदकासाठी?"

माझं तिसऱ्या नंबरचं पदक त्याच आठवड्यात घरी आलं होतं. आयोजकांनी माणसाबरोबर पाठवलं, वर पत्र होतं, तुमच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

त्या रात्रीनंतर केव्हातरी मी दाजींच्या घड्याळातल्या मूळ नोंदी उघडल्या. मी काढून टाकलेले तिन्ही आकडे तिथे होते. घड्याळ काही काढून टाकत नाही. पहिले दोन सरावाच्या सुरुवातीचे होते, चौथ्या आणि सहाव्या मिनिटाला. पट्टा कोरडा असतो तेव्हा असंच होतं. आकडा दोनशे दहा होतो, मग नव्वद, मग एकशे नव्वद, वेडीवाकडी उडी मारत राहतो. तिसरा एक्केचाळिसाव्या मिनिटाला होता. त्या वेळी पट्टा घामानं चिंब असणार. आणि तो उडी मारत नव्हता. सत्तर सेकंद तो दोनशे अकरावर सरळ रेषेत चालला होता आणि मग एका फटक्यात खाली आला होता.

शेवटची नोंदही पाहिली. दाजी जमिनीवर बसले होते तेव्हाची. दोनशे चौदा, दोनशे चौदा, दोनशे तेरा, दोनशे चौदा. सरकलेला पट्टा असं मोजत नाही. हे मी आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या कुठल्याही पोराला पाच मिनिटांत समजावून सांगितलं असतं. हेरवाडकर सर यंत्रावर संशय घ्यायला सांगत, ते खरं. पण त्यांचं वाक्य तिथं संपत नसे. संशय आला की दुसऱ्या मापकानं मोजा, असं ते म्हणत, आणि दुसरं मापक लावल्याशिवाय मी आयुष्यात एकाही काट्यावर शिक्का मारलेला नाही. त्या सकाळी दुसरं मापक माझ्या हातालाच होतं. दोन बोटं. गळ्याच्या बाजूला ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं.

मी अकरा सेकंदांनी तिसरा आलो होतो.

महिन्याभरानं मी ताईला सांगायला गेलो. ड्रायव्हिंग स्कूल आता तीच बघत होती. दुपारची वेळ होती, टेबलावर शिकणाऱ्यांचे फॉर्म पसरले होते आणि खुर्चीच्या पाठीवर कायम अडकवलेली असायची ती दाजींची टोपी नव्हती. त्यांच्या वस्तू तिनं तिथून हलवल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, त्या दिवसाबद्दल बोलायचंय."

"मला नाही बोलायचं," ती म्हणाली. मग पेन खाली ठेवलं. "एक सांगते. तू नसतास तर मी वेडी झाले असते. सगळे येतात, गोड बोलतात. ह्यांनी तर माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. तू एकटा आहेस ज्यानं मला कधी फसवलं नाही. बस, चहा सांगते."

मी बसलो. चहा प्यालो.

त्यानंतरही मी सांगायला निघालो आहे. किती वेळा ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी त्यात आणखी एक गोष्ट वाढलेली असते. आधी फक्त सायकलींपाशी काय बोललो ते सांगायचं होतं. मग व्हरांड्यात काय बोललो तेही. मग तेराव्याला गप्प राहिलो ते. मग एक वर्ष. मग तीन.

आता सात वर्षं झाली आहेत. शरू चौदा वर्षांची आहे. उंच झाली आहे, खांदे दाजींचे आहेत आणि पोहते मात्र मान खाली घालून. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती टेबलापाशी एक फॉर्म घेऊन बसली होती. विभागीय निवड शिबिर होतं, तीन आठवड्यांचं. पालकाची सही हवी होती.

"मामा, तू सांग आईला."

"काय सांगायचं?" ताई भाजी निवडत होती. "दरवर्षी तुझं हृदय तपासून आणते, सगळं नीट येतं. ह्यांचंही नीटच आलं होतं."

"पण मला काही झालं तर मी सांगीन की! लगेच थांबीन. सरांना सांगीन."

"हो. असंच म्हणाले होते."

"कोण?"

"तुझे पप्पा. शब्द दिला होता मला. जाधवांचा शब्द."

शरूचं तोंड लाल झालं. हे ती आधीही ऐकत आली असणार. दहावेळा, शंभरवेळा. उशिरा आली की, गृहपाठ केला नाही की. बापावर गेलीस. पण या वेळी ती चिडली नाही. फॉर्मवर तळहात ठेवून ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "मामा, तू तिथं होतास ना? पप्पांनी तुला काहीच नव्हतं सांगितलं?"

ताईचे हात थांबले. सात वर्षांत हा प्रश्न तिनं मला स्वतः कधी विचारला नव्हता. डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर तिला पुरलं होतं.

सांगायला चार शब्द पुरले असते. त्यांनी मला विचारलं होतं. शरूला बाप परत मिळाला असता. ताईला शब्द पाळणारा नवरा परत मिळाला असता. ते दोघींचे होते, माझ्याकडे सात वर्षं ठेवलेले. मी शरूकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई माझ्याकडे बघत होती, माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि मला भीती वाटली. मला त्या विश्वासाचीच भीती वाटली.

"नाही, शरू," मी म्हणालो.

शरूनं फॉर्मवरचा तळहात उचलला.

"मग आईचं बरोबर आहे," ती म्हणाली, आणि फॉर्म तिथंच सोडून पाणी प्यायला आत गेली.